कळा सुरू होताच दाखल व्हावे का?

प्रश्न (जुळे सोलापूर): वहिनीची पहिलीच खेप असून दवाखाना दहा मिनिटांवर आहे, लवकर दाखल झाल्यास सिझेरियनची शक्यता वाढते का?

उत्तर १: गर्भाशयाचे तोंड दोन-तीन सेंटिमीटरच उघडलेले असताना दाखल झालेल्यांमध्ये सिझेरियन अधिक आढळते, मात्र त्यांत मुळातच रेंगाळलेल्या प्रसूतीही असतात, म्हणून सारा दोष लवकर जाण्याला देता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना २०१८ पासून प्रसूतीची सक्रिय अवस्था, म्हणजे जोरदार कळांनी तोंड वेगाने उघडू लागण्याचा टप्पा, पाच सेंटिमीटरपासून धरते.

उत्तर २: लवकर दाखल झाल्यास कळा आणण्याचे किंवा वाढवण्याचे औषध देतात आणि त्याने सिझेरियन वाढते, ही धास्ती मात्र मला अवाजवी वाटते. अमेरिकेतील 'अराइव्ह' चाचणीत (२०१८) कमी जोखमीच्या पहिलटकरणींना ३९व्या आठवड्यात कळा आणल्यावर सिझेरियन १८.६ टक्के झाले, वाट पाहणाऱ्यांत २२.२ टक्के.

उत्तर ३: पाणी गेले, रक्तस्राव झाला किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर घरी थांबू नये.