विवंचनेत असणाऱ्याने समाधान शोधावे तरी कोठे?

प्रश्न
आत्मा निर्लेप आहे, धनाच्या येण्याजाण्याने त्याचे काही बिघडत नाही, हे वाचताना पटते. परंतु कर्जाचा हप्ता आणि मुलांचे शुल्क एकाच आठवड्यात भरायचे असले, की ध्यानाला बसून डोळे मिटताच आकडेमोड सुरू होते आणि कोणाकडे किती उसने मागता येतील याचाच जप चालतो. आंतरिक समाधान ही पोट भरलेल्यांचीच मिरास आहे काय? जाणकारांनी कृपया मत मांडावे.

प्रतिसाद १
वेदान्तानुसार आत्मा साक्षी आहे. चिंता करते ते अंतःकरण, आणि त्याला भूक, अपुरी झोप, देणी या साऱ्यांची झळ लागतेच. त्यामुळे मन अस्वस्थ झाले म्हणजे आपली साधनाच खोटी, असे मानून दुःखात आणखी भर घालू नये. योगसूत्रांत संतोष हा शौच, तप, स्वाध्याय यांच्या जोडीने 'नियम' या योगांगात सांगितला आहे, म्हणजे तो रोज करावयाचा अभ्यास आहे. जवळ असलेल्या साधनांहून अधिक मिळवण्याची इच्छा नसणे, असा त्याचा अर्थ व्यासभाष्य ही योगसूत्रांवरील टीका देते. जवळ काही साधन आहे, हे त्यात गृहीतच धरलेले आहे. प्रवचनांत मात्र हा भाग सहसा गाळला जातो.

प्रतिसाद २
वरील मुद्द्याला पुष्टी देणारी गोष्ट धम्मपद या बौद्ध ग्रंथात आहे. २०४ व्या गाथेत संतोषाला परम धन म्हटले आहे, पण तिच्या लगेच आधीच्या गाथेत भूक हा सर्वांत मोठा रोग असल्याचे सांगितले आहे. अट्ठकथेनुसार, म्हणजे त्यावरील जुन्या टीकेनुसार, हरवलेला बैल शोधून दमलेला एक शेतकरी उपाशीच उपदेश ऐकायला आला, तेव्हा बुद्धांनी त्याला आधी जेवू घालायला लावले आणि मगच धर्म सांगितला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तमिळनाडूतील ऊस उत्पादकांच्या विचारशक्तीच्या चाचण्या घेतल्या होत्या. तेच शेतकरी पीक हाती येण्यापूर्वीच्या ओढगस्तीत कमी पडले आणि पैसे आल्यानंतर सरस ठरले. तेव्हा ध्यानात आकडे येणे हा आपल्या स्वभावाचा दोष नव्हे.

प्रतिसाद ३
थोडा मतभेद नोंदवतो. एपिक्टेटस हा गुलामगिरीत जन्मलेला आणि पुढे मुक्त झालेला स्टोइक तत्त्वज्ञ, आणि त्याचे विचार वाचायला मिळाले म्हणून आभार मानणारा मार्कस ऑरेलियस हा रोमचा सम्राट. त्यामुळे समाधान ही संपन्नांचीच मिरास आहे, हे मला मान्य नाही. मात्र ते ज्याचे त्याने स्वीकारायचे असते. मजुरी थकवणाऱ्याने मजुराला संतोषाचे माहात्म्य सांगणे हा शुद्ध कावा आहे. असिसीच्या फ्रान्सिस या ख्रिस्ती संताने श्रीमंत घर सोडून दारिद्र्य पत्करले, हे थोरच. पण ज्याला सोडायला काही नाही, त्याच्यापुढे तो दाखला ठेवू नये.

प्रश्नकर्ता
सर्वांचा आभारी आहे. परंतु हप्त्याच्या आठवड्यात ध्यान थांबवावे काय?

प्रतिसाद १
थांबवू नये. बसण्यापूर्वी देणी, तारखा आणि उद्या कोणाशी बोलायचे ते कागदावर लिहून काढावे, म्हणजे मनाला ते धरून ठेवावे लागत नाही. सावकाराशी मुदतीबद्दल बोलणेही टाळू नये; मुदत वाढवून मागितल्याने संतोषव्रत मोडत नाही.