मदत हवी आहे: सर्व्हर घरच्या वायफायवर उघडतो, बाहेरून उघडत नाही

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, पण आधीच सगळं सांगितलेलं बरं, नाहीतर उत्तर देणाऱ्याला परत परत विचारावं लागेल.

आम्ही गोव्यात डिचोली तालुक्यात राहतो. माझे बाबा वाड्यावरच्या आरती मंडळात घुमट (मातीच्या भांड्याच्या तोंडाला कातडं लावलेलं वाद्य) वाजवायचे. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घरोघरी फिरून जी आरती व्हायची, घुमट, शामेळ (एक ढोलासारखं वाद्य), कासाळे (झांजा) आणि पुढे म्हणणारे सात-आठ जण, ती त्यांनी वर्षानुवर्षं टेपवर धरून ठेवलीय, एकूण ४० कॅसेटी. गेल्या पावसाळ्यात कपाट उघडलं तर पाच-सहा कॅसेटींच्या फितीवर पांढरी बुरशी, पोटात गोळाच आला माझ्या. मग एकेक करत सगळ्या कॉम्प्युटरवर घेतल्या. २०१९ साली घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला तेव्हा बाबा खूप खूश होते, पण घोरपडीच्या कातड्याच्या जुन्या घुमटाचा नाद आता कुठे ऐकायला मिळणार? कायद्याने बंदी आहे आणि ती असायलाच हवी, आता बकरीचं कातडं लावतात, तेही छान वाजतं, पण तो जुना आवाज फक्त या फितींतच उरलाय.

तर मला हे सगळं एका साइटवर ठेवायचंय. प्रत्येक आरतीसमोर तिचे शब्द, कुठल्या घरी झाली, वर्ष कुठलं, म्हणणारे कोण. आत्या मुंबईला, भाऊ बेंगळुरूला, चुलत भाऊ मस्कतला, त्यांना चवथीला ऐकता यावं. व्हिडिओच्या साइटवर का टाकत नाही असं सगळे विचारतात, पण मला हे आमच्याच घरातल्या मशीनवर हवंय, उद्या कुणी नियम बदलले म्हणून गायब व्हायला नको.

आतापर्यंत केलेलं सांगते. जुना डेस्कटॉप आहे, ४ जीबी रॅम, त्यावर उबंटू सर्व्हर २४.०४ टाकलं, अपाचे (साइट दाखवणारा प्रोग्राम) टाकलं, फायली ठेवल्या. राउटरमध्ये त्या मशीनला १९२.१६८.१.१५ हा पत्ता कायमचा बांधून दिला. घरातल्या वायफायवर मोबाईलमधून हा पत्ता टाकला की साइट मस्त उघडते, आरती वाजते. पहिल्यांदा देवनागरी सगळी चित्रविचित्र दिसत होती, पानाच्या डोक्यात यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) लिहिल्यावर ते सुटलं.

मग राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी त्या मशीनकडे वळवली, साइटसाठी पोर्ट ८० आणि ४४३, शिवाय २२. डकडीएनएस या सेवेवर साइटसाठी फुकट नाव घेतलं आणि 'माझा आयपी काय' दाखवणाऱ्या साइटवर जो आकडा येतो तो त्या नावाला लावला. आता मोबाईलचं वायफाय बंद करून डेटावरून ते नाव उघडलं की नुसतं गोल गोल फिरतं आणि शेवटी वेळ संपली म्हणून सांगतं. एचटीटीपीएससाठी (सुरक्षित जोडणीसाठी) लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट घ्यायला गेले तर तेही होत नाही. फायरवॉल बंद करून बघितली, राउटर बदलून बघितला, तीन रात्री गेल्या यात. चवथ जवळ आली, कृपा करून कुणीतरी सांगा कुठे चुकतंय.

प्रतिसाद १
फायरवॉल आधी परत चालू करा ताई, फक्त ८० आणि ४४३ ला परवानगी द्या. दुसरं म्हणजे २२ बाहेर का उघडलंय? त्यावरून मशीनमध्ये लॉगिन करता येतं, नेटवर दिवसरात्र असंख्य बॉट हाच दरवाजा ठोठावत असतात. घरातूनच काम करणार असाल तर राउटरमधली ती ओळ आजच काढा, आणि कधी बाहेरून लागलंच तर पासवर्डने लॉगिन बंद करून त्याऐवजी एसएसएच की (किल्लीसारखी फाईल) वापरा.

प्रतिसाद २
मला वाटतं अपाचेत काही चूक नाहीये, घरात उघडतंय म्हणजे ते आपलं काम करतंय. एक करा, राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (नेट कंपनीकडून राउटरला मिळालेला पत्ता) म्हणून एक आकडा असतो तो बघा. तो आणि 'माझा आयपी काय' वाला आकडा एकच आहे का? वेगळा असेल तर घोळ तिथेच आहे. वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर फायबरवाल्याचा डबा आणि तुमचा राउटर असे एकामागे एक दोन राउटर लागलेत, ते सुटण्यासारखं आहे. १०० ने सुरू होत असेल तर गोष्ट वेगळी.

धागाकर्ती
बघितलं. वॅन आयपी १००.८१ ने सुरू होतोय आणि साइटवर दिसतो तो भलताच. राउटर एकच आहे आमचा. गोष्ट वेगळी म्हणजे काय? आता काहीच होणार नाही का?

प्रतिसाद २
होणार, घाबरू नका. याला सीजीनॅट म्हणतात. जुने आयपीव्ही४ पत्ते जगात मिळून साधारण ४३० कोटीच, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे २०११ मध्येच वाटून झाले. म्हणून नेट कंपन्या काय करतात, एका सार्वजनिक पत्त्यामागे खूप घरं बसवतात आणि घराघराला आतला पत्ता देतात. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते खास याच कामासाठी २०१२ पासून राखून ठेवलेत, तुमचा १००.८१ त्यातच बसतो. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर अख्ख्या वाड्याला एकच टपालपेटी आहे. तुम्ही पत्र पाठवलंत तर उत्तर नेमकं तुमच्याकडे येतं कारण पोस्टमनने नोंद ठेवलेली असते, पण बाहेरच्याने आपणहून पत्र टाकलं तर ते कुणाच्या घरी द्यायचं हे त्याला कळतच नाही. तुम्ही स्वतःच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, अडवणारा राउटर तुमचा नाहीच, तो कंपनीच्या ऑफिसात आहे. सर्टिफिकेट न मिळण्याचं कारणही हेच, लेट्स एन्क्रिप्ट बाहेरून पोर्ट ८० वर येऊन खात्री करतं आणि ते तुमच्यापर्यंत पोचतच नाही.

मार्ग आहेत. नेट कंपनीला फोन करून स्टॅटिक पब्लिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा सार्वजनिक पत्ता) मागा, बरेच जण जादा पैसे घेऊन देतात, मग तुम्ही केलंय ते तसंच चालेल. किंवा आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) मिळतंय का बघा, तिथे पत्त्यांची टंचाई नाही त्यामुळे थेट पोचता येतं, फक्त ऐकणाऱ्याकडेही आयपीव्ही६ लागतं आणि आत्याकडे असेल की नाही ते आत्यालाही ठाऊक नसणार, म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबू नका. नाहीतर टनेल.

प्रतिसाद ३
टनेलच करा, मी फोंड्यात दोन वर्षं तसंच चालवतोय. क्लाउडफ्लेअरचा टनेल फुकट आहे. तुमच्या मशीनवर क्लाउडफ्लेअर्ड नावाचा छोटा प्रोग्राम बसतो, तो आतून बाहेर जोडणी करून ठेवतो, आणि आतून बाहेर जायला सीजीनॅट अडवत नाही. बाहेरचा माणूस क्लाउडफ्लेअरकडे येतो आणि त्याच जोडणीतून तुमच्यापर्यंत. पोर्ट फॉरवर्डिंग लागत नाही, राउटरमधलं सगळं काढून टाका. एचटीटीपीएस तेच सांभाळतात. फक्त स्वतःचं डोमेन विकत घ्यावं लागेल आणि त्याचे नेमसर्व्हर (नावावरून पत्ता सांगणारे सर्व्हर) त्यांच्याकडे वळवावे लागतील, डकडीएनएसचं नाव नाही चालणार.

धागाकर्ती
खूप आभार, तीन रात्री डोकं फोडत होते आणि चूक माझी नव्हतीच हे कळल्यावर रडूच आलं. पण एक शंका. मला दुसऱ्या कंपनीवर अवलंबून राहायचं नव्हतं म्हणून तर घरचा सर्व्हर. टनेल केला तर परत तेच झालं ना? आणि एकदम वीस जणांनी लावलं तर आमचं नेट पुरेल का? अपलोड १० एमबीपीएस मिळतं.

प्रतिसाद २
शंका रास्त आहे. टनेलमध्ये कंपनी म्हणजे फक्त रस्ता, फायली तुमच्या डिस्कवर आणि डोमेन तुमच्या नावावर. उद्या तो रस्ता बंद झाला तर छोटा व्हीपीएस (नेटवरचा भाड्याचा सर्व्हर) घेऊन वायरगार्ड या प्रोग्रामने घरच्या मशीनशी जोडा किंवा स्टॅटिक आयपी घ्या, साइटचं नाव तेच राहतं. मात्र एक ध्यानात ठेवा, एचटीटीपीएसचं कुलूप त्यांच्याकडे उघडतं म्हणजे मधली वाहतूक त्यांना दिसू शकते. आरत्या सगळ्यांसाठीच आहेत त्यामुळे हरकत नाही, घरची खाजगी कागदपत्रं त्या वाटेने नेऊ नका. त्यांच्या अटीही वाचा, खासकरून पुढे व्हिडिओ ठेवणार असाल तर.

नेट पुरेल. १२८ केबीपीएसची एमपी३ धरली तर वीस जणांना मिळून अडीच एमबीपीएसच्या आसपास लागतं. मूळ वेव्ह फायली साइटवर ठेवू नका, त्या मिनिटाला १० एमबी खातात, एका तासाच्या कॅसेटला ६०० एमबीच्या वर. पण त्या पुसूही नका! दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्याच्या घरी ठेवा.

प्रतिसाद ४
तांत्रिक नाही पण सांगावंसं वाटतं. रेकॉर्डिंगमध्ये ज्यांचे आवाज आहेत त्यांच्यापैकी जे हयात आहेत त्यांना, नाहीतर त्यांच्या घरच्यांना, एकदा विचारून घ्या. आमच्या गावात असंच केलं तेव्हा कुणी नाही म्हणालं नाही, उलट दोन घरांतून आणखी कॅसेटी निघाल्या.

धागाकर्ती
हे मनात आलंच नव्हतं, उद्यापासून बाबांना घेऊन घरोघरी जाते.

डोमेन घेतलं, नेमसर्व्हर वळवले, दुसऱ्या दिवशी टनेल जोडला गेला आणि साइट बाहेरून उघडली!! भावाने बेंगळुरूहून मोबाईल डेटावर ऐकली, आत्याने मुंबईहून फोन केला, पलीकडून आमचीच आरती ऐकू येत होती, बाबा काही न बोलता ऐकत बसले. अपाचेच्या नोंदीत मात्र येणारा प्रत्येक जण आमच्याच मशीनचा पत्ता दाखवतोय, ते बरोबर आहे का?

आणि शेवटचा प्रश्न विजेचा. पावसात झाडाची फांदी तारेवर पडली की वीज जाते आणि कधी येईल याचा नेम नसतो.

प्रतिसाद ३
बरोबर आहे, टनेलचा प्रोग्राम त्याच मशीनवरून अपाचेशी बोलतो म्हणून तसं दिसतं. खरा पत्ता हेडरमध्ये (मागणीसोबत येणाऱ्या माहितीच्या ओळीत) येतो, अपाचेचं रिमोट आयपी मॉड्यूल चालू करून त्यात त्या हेडरचं नाव दिलं की नोंदीत दिसेल.

विजेसाठी डेस्कटॉपला यूपीएस लावा, तो थोडाच वेळ टिकेल पण मशीन नीट बंद होईल इतका वेळ पुरे, यूपीएसची यूएसबी वायर जोडून नट हे सॉफ्टवेअर टाकलं की ते आपोआप बंद करतं. फायबरच्या डब्याला आणि राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो वेगळा घ्या. गडगडाट सुरू झाला की सरळ प्लग काढा, फायबरमधून वीज येत नाही पण अडॅप्टरच्या वायरीतून येते. जुना लॅपटॉप असेल तर तोच सर्व्हर करा, २० वॅटने महिन्याला साधारण १५ युनिट, डेस्कटॉप ८० वॅट खात असेल तर ५८ च्या आसपास.

बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज आल्यावर आपोआप चालू व्हायचं सेटिंग असतं ते लावा आणि मग खरंच करून बघा, मशीन नीट बंद करून मेन स्विच पाडा, पाच मिनिटांनी चालू करा, आणि कशाला हात न लावता साइट उठतेय का बघा.

धागाकर्ती
करून बघितलं. मशीन उठलं, अपाचे उठलं, टनेल नाही उठला. मी तो टर्मिनलमध्ये हाताने चालवला होता, सर्व्हिस म्हणून, म्हणजे मशीनसोबत आपोआप सुरू होईल असा, बसवलाच नव्हता. आता बसवला, परत दोनदा मेन स्विच पाडून बघितलं, दोन्ही वेळा दोन-तीन मिनिटांत भावाने तिकडून उघडून दाखवलं.