यूएचएफ भरलंय म्हणून लो-व्हीएचएफ चॅनल घ्यावा का?

टॉवरतळ (धागाकर्ता)

अमेरिकेत लो-पॉवर टीव्हीसाठी (एलपीटीव्ही) चॅनल मिळवणं २०१७ पासून फार अवघड झालंय. त्या वर्षी संपलेल्या लिलावात ३८ ते ५१ हे चॅनल टीव्हीकडून मोबाइल सेवेकडे गेले. ३७ आधीपासूनच रेडिओ खगोलशास्त्र आणि रुग्णालयांतल्या वायरलेस उपकरणांसाठी राखीव होता. उरले २ ते ३६, आणि मोठी स्टेशनंही त्यातच येऊन बसली. एलपीटीव्ही १९८२ पासून दुय्यम सेवा आहे, म्हणजे मोठ्या स्टेशनाला धक्का लागला की हलायचं आपणच. (दूरदर्शनच्या एलपीटीशी गल्लत नको. ती सहक्षेपण केंद्रं होती; इथे परवाना खासगी माणसालाही मिळतो.)

माझं मत असं की महानगराजवळ यूएचएफचे, म्हणजे उच्च वारंवारितेचे, १४ ते ३६ चॅनल धुंडाळत बसण्यापेक्षा लो-व्हीएचएफमधला, म्हणजे कमी वारंवारितेच्या २ ते ६ मधला, मोकळा चॅनल सरळ घ्यावा. तिथे गर्दी कमी. डोंगराआड सिग्नल जास्त वळतो. संरक्षित सीमाही (जिथवर इतरांचा अडथळा चालत नाही ती) यूएचएफला ५१ डीबीयू (सिग्नलच्या ताकदीचं माप), तर इथे ४३ डीबीयूलाच धरतात. ईआरपीची (अँटेनाचा गेन धरून मोजलेल्या प्रसारणशक्तीची) मर्यादा १५ ऐवजी ३ किलोवॅट, म्हणून ट्रान्समीटरही लहान लागतो.

मास्कफिल्टर

शेवटचं वाक्य आधी तपासा. यूएचएफला १२ डीबी गेनचा (शक्ती हव्या दिशेला एकवटणारा) अँटेना म्हणजे सुमारे १६ पट. केबलमध्ये १ डीबी गेलं तरी १५ किलोवॅट ईआरपीला ट्रान्समीटर साधारण १.२ किलोवॅटचा पुरतो. चॅनल ३ ला अर्धी तरंगलांबीच २.४ मीटर. एवढे मोठे घटक टॉवरवर एकावर एक चढवणं महाग, म्हणून गेन जेमतेम ३ डीबी धरा. केबलचा तोटा कमी असला तरी ३ किलोवॅट ईआरपीला ट्रान्समीटर १.७ किलोवॅटच्या आसपास जातो. वर मोठ्या अँटेनाचा वाऱ्याचा भार वेगळा.

पण माझा मुख्य आक्षेप शोधण्याच्या पद्धतीवर आहे. यूएचएफ भरलंय असं म्हणणारे बहुतेक जण शेजारचा चॅनल दिसला की पुढे सरकतात. २९ वर ५०० किलोवॅटचं स्टेशन आहे आणि तुम्हाला ३० वर १५ किलोवॅट हवेत असं धरा. शेजारी चॅनलला हव्या आणि नको असलेल्या सिग्नलचं प्रमाण तुमच्या फिल्टरवर, म्हणजे शेजारच्या चॅनलात सांडणारा सिग्नल रोखणाऱ्या मास्कवर ठरतं: साधा मास्क १० डीबी, त्याहून कडक स्ट्रिंजंट ०, सर्वांत कडक फुल-सर्व्हिस उणे ७.

त्यांच्याच टॉवरवर, तेवढ्याच उंचीवर आणि तशाच पॅटर्नने (दिशांनुसार सिग्नलच्या वाटणीने) उभे राहिलात, तर ५०० आणि १५ मधला १५ डीबीचा फरक जवळपास सगळीकडे टिकतो. साधा मास्कही पास होतो. मात्र दोन अँटेनांचा बीम टिल्ट (सिग्नलचा खाली झुकाव) वेगळा असला तर टॉवरच्या पायथ्याशी हे गणित बिघडतं, म्हणून स्ट्रिंजंट लावाच.

आता टॉवर त्यांच्यापासून १२ किमी दूर असेल तर? सपाट जमीन आणि मोकळी हवा धरून ढोबळ हिशोब करा. तुमच्या टॉवरभोवती त्यांचा सिग्नल मार खातो त्या वर्तुळाची त्रिज्या साध्या मास्कला सुमारे साडेनऊ किमी, स्ट्रिंजंटला दोन आणि फुल-सर्व्हिसला एक किमीपेक्षा थोडी कमी येते. परवानगी त्यांच्या प्रेक्षकसंख्येच्या ०.५ टक्क्यापर्यंत असते. ४० लाखांचं स्टेशन असेल तर २० हजार माणसं. साडेनऊ किमीच्या वर्तुळात एवढी वस्ती सहज असते. एक किमीत, टॉवर टेकडीवर असेल तर, बहुधा नसते. फिल्टरला घातलेल्या पैशात चॅनल मिळतो तो असा.

टॉवरतळ

एकाच टॉवरचा मुद्दा पटला. पण जिथे शेजारी चॅनलच नव्हे, तोच चॅनलही जवळच्या शहरात चालू आहे, तिथे फिल्टर काय करणार? तिथे तरी लो-व्हीएचएफ बरा.

गोंगाटमापक

तिथेही नाही, आणि कारण घरात आहे. ४३ डीबीयूच्या हिशोबामागे छतावरचा, १० मीटर उंचीवरचा अँटेना गृहीत आहे. खिडकीला चिकटवलेल्या फूटभर पट्टीला ६० मेगाहर्ट्झची ५ मीटरची लाट काय पकडता येणार?

त्यात गोंगाट. ६ मेगाहर्ट्झ रुंदीत औष्णिक गोंगाट उणे १०६ डीबीएम असतो. निवासी भागात ६० मेगाहर्ट्झला माणसाने केलेला गोंगाट त्याच्या वीसेक डीबी वर असतो: एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, सोलर इन्व्हर्टर, विजेच्या तारांवरचे खराब इन्सुलेटर. एटीएससी १.० ला (अमेरिकेतल्या डिजिटल टीव्हीच्या मानकाला) गोंगाटाच्या १५ डीबी वर सिग्नल लागतोच, नाहीतर चित्र खराब न होता थेट जातं. एलपीटीव्हीला केबलवर हक्काची जागा सहसा मिळत नाही, त्यामुळे अँटेनावाला प्रेक्षक गेला की सगळंच गेलं.

तरी घ्यायचाच असेल तर अर्जाआधी वस्तीत चार-पाच ठिकाणी पूर्ण २४ तास स्पेक्ट्रम ॲनालायझर लावा. संध्याकाळी दिवे लागल्यावरची पातळी पाहा. दुपारचं एक मोजमाप फसवतं. चॅनल ६ असेल तर ८८ मेगाहर्ट्झच्या वरची एफएम स्टेशनंही तपासा.

डोंगरवाट

इथे मी धागाकर्त्याच्या बाजूने. दऱ्याखोऱ्यांच्या विरळ वस्तीत घरोघरी छतावर अँटेना असतो, गोंगाट कमी असतो आणि यूएचएफ कड्यामागे पोचतच नाही. तिथे लो-व्हीएचएफ खरंच चालतो. शहराचा नियम तिथे लावू नका.

मास्कफिल्टर

मान्य, पण क्रम हाच ठेवा. परवाना प्रणालीतून २ ते ३६ ची सगळी यादी काढा. चालू स्टेशनंच नाही, न बांधलेले परवाने आणि प्रलंबित अर्जही. हवेत शांत दिसणारा चॅनल बहुतेकदा अशाच कागदावरच्या स्टेशनाचा असतो. मग वॉकीटॉकी सेवांना दिलेले चॅनल काढा: ह्यूस्टनला १७, डॅलसला १६, पिट्सबर्गला १४ आणि १८. कॅनडा-मेक्सिकोच्या सीमेजवळ वेगळा समन्वय लागतो. उरलेल्या प्रत्येक चॅनलवर टीव्हीस्टडी (अडथळ्याचा हिशोब करणारं सॉफ्टवेअर) तीन वेळा चालवा, तिन्ही मास्क लावून. इतर एलपीटीव्हींसाठी मर्यादा २ टक्के आहे, हे विसरू नका.

गोंगाटमापक

आणि चौथ्यांदा उलट्या दिशेने. मोठ्या स्टेशनामुळे तुमचे किती प्रेक्षक जातात हे अर्जात कुणी विचारत नाही, पण ३० टक्के जात असतील तर तो चॅनल मिळूनही हाती काही लागत नाही. तसं दिसलं तर दुसऱ्या एलपीटीव्हीशी चॅनल वाटून घेण्याची बोलणी करा. एका चॅनलच्या सेकंदाला १९.३९ मेगाबिटमध्ये दोन स्टेशनं एसडीच्या (साध्या दर्जाच्या) काही वाहिन्यांसह आरामात बसतात.

टॉवरतळ

वाटणीचा करार लिहिताना बिट किती कुणाचे, आणि चॅनल हलवावा लागला तर नव्या अँटेनाचा खर्च कुणाचा, हे दोन्ही आधीच लिहून घ्यायला हवं. शहरापुरतं माझं मत मागे घेतो, डोंगरापुरतं नाही.