प्रतिसाद: बेटावर आरसे की पॅनेल?

लक्षद्वीपला डिझेलऐवजी सौर औष्णिक वीज (आरशांनी ऊन एकवटून, त्या उष्णतेवर बनवलेली) द्यावी, वितळलेल्या मिठात उष्णता साठवली की रात्रीचाही प्रश्न मिटतो, असं वर म्हटलंय. साठवणुकीचं खरंच आहे. स्पेनमधल्या हेमासोलर केंद्रात (१९.९ मेगावॅट, २०११) १५ तासांची साठवण आहे. पण ते केंद्र अँदालुसियाच्या कोरड्या, मोकळ्या माळावर आहे.

आरशांना थेट ऊन लागतं. आमच्या नाशिकच्या गच्चीवर पॅराबोलिक सूर्यचूल आहे. एप्रिलमध्ये तासाभरात डाळ शिजते. जुलैत मात्र ढगाचा पातळ पडदा आला, की भांड्याच्या बुडावरचा तो लख्ख ठिपका विझतो आणि पाणी कोमटच राहतं. शेजारचं सौर पॅनेल तेव्हाही थोडी वीज देत असतं, कारण विखुरलेला उजेडही त्याला चालतो. बेटावर पावसाळ्याबरोबर दमट हवा आहे, आरशांवर बसणारा खारा थर आहे, आणि तो धुवायला गोडं पाणी आणायचं कुठून? शिवाय उष्णता साठवायचं ते मीठ २२०-२४० अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतं. सलग आठवडाभर ढग राहिले तर नळ्या गरम ठेवायला पुन्हा डिझेलच जाळावं लागेल.

जागा तर मुळातच नाही. सगळं लक्षद्वीप मिळून ३२ चौरस किलोमीटर. तिथल्या कवरत्ती बेटावर १.७ मेगावॅटची पॅनेलं आणि बॅटरी बसवली आहे, तोच रस्ता मला योग्य वाटतो.

उष्णतेलाच काम असेल तिथे आरसे जरूर लावा. शिर्डीच्या प्रसादालयात आरशांच्या ७३ तबकड्यांनी केलेल्या वाफेवर स्वयंपाक होतो, एकदा जाऊन बघाच.