लाल भोपळा कुत्र्याला आणि बोक्याला द्यावा का? द्यावा तर किती?

कोपरीकर (ठाणे पूर्व):
सर्वांना नमस्कार. आमच्याकडे सात वर्षांचा देशी कुत्रा आहे, खंडू, वजन १९ किलो. आणि पाच वर्षांचा बोका आहे, लाडू, वजन साडेचार किलो. दोघांचेही खाणे मुख्यतः कोरडे तयार खाद्य, शिवाय खंडूला रात्री भात आणि उकडलेली कोंबडी. गेला महिनाभर खंडूची शी कधी खडा, कधी सैल अशी होते आहे आणि मधूनच तो फरशीवर बूड घासत पुढे सरकतो. लाडूचे दुखणे वेगळे आहे. कालपासून तो लिटरच्या (शी-लघवीसाठी ठेवलेल्या वाळूच्या) ट्रेमध्ये वारंवार जाऊन बसतो, जोर लावतो आणि तसाच बाहेर येतो. आमच्या मजल्यावरच्या काकांनी सांगितले की दोघांनाही रोज भोपळा द्या, पोट साफ राहील आणि बिया दिल्यात तर जंतही पडतील. म्हणून जांभळी नाक्यावरून अर्धा किलोची फोड आणून ठेवली आहे. तो कच्चा द्यावा की शिजवून, साल काढावी का, प्रमाण किती असावे, आणि बियांचे काय करावे, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.

ऐरोलीची मावशी:
दादा, भोपळा फ्रिजमध्ये ठेवा आणि आधी बोक्याकडे पाहा. काल सकाळपासून ट्रेमध्ये लघवीने भिजलेले गोळे किती निघाले, ते मोजलेत का? जोर लावणारा बोका पाहिला की आपण बद्धकोष्ठ गृहीत धरतो, पण बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते आणि खड्यांमुळे किंवा चिकट गाठीमुळे ती तुंबली तरी तो अगदी असाच बसतो, असाच कण्हतो. लघवी अडली की रक्तातले पोटॅशियम वाढत जाते आणि एक-दोन दिवसांत जनावर दगावू शकते. ट्रेमध्ये ओला गोळा नसेल, किंवा पोटाच्या मागच्या भागात लिंबाएवढा कडक गोळा हाताला लागत असेल, तर उद्याची वाट न पाहता आत्ताच डॉक्टरांकडे न्या. तो गोळा दाबून पाहू नका. जवळ कोणी उघडे नसेल तर परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांच्या रुग्णालयाचा पर्याय आहे. अशा वेळी चमचाभर भोपळा भरवण्यात गेलेले तास महागात पडतात.

नेरूळ सेक्टरवासी:
मावशींनी सांगितलेले आधी करा. पुढचे मी खंडूपुरते लिहितो, कारण माझ्याकडे २४ किलोची लॅब्रेडॉर आहे आणि भोपळ्याचे सगळे प्रयोग मी तिच्यावर करून चुकलो आहे.

आपल्याकडे भोपळा म्हटले की लाल, दुधी आणि कोहळा असे तीन उमेदवार पुढे येतात. इथे अभिप्रेत आहे तो लाल भोपळा, ज्याला काही भागांत डांगर म्हणतात. साल आणि आतला धाग्यांचा जाळीदार भाग काढावा, फोडी करून कुकरमध्ये वरणाच्या डब्याशेजारी वेगळ्या डब्यात मीठ न घालता शिजवाव्यात आणि चमच्याने कुस्कराव्यात. शिजवण्यापूर्वी एक तुकडा स्वतःच्या जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर सरळ टाकून द्यावा, कारण या वेलवर्गातल्या कडू फळांतील द्रव्याने माणसालाही जोराच्या उलट्या होतात.

आता अपेक्षेविषयी. भोपळ्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असते आणि उकडलेल्या १०० ग्रॅममध्ये तंतू साधारण एक ग्रॅम. परदेशी लोक जो टिनमधला गर वापरतात तो आटवलेला असल्यामुळे त्यात तेवढ्याच वजनात जवळजवळ तिप्पट तंतू असतात, म्हणून त्यांचे चमच्यांचे माप आपल्या घरच्या भोपळ्याला तसेच लागू होत नाही. मी शिजलेला गर पिठाच्या चाळणीवर पातळ फडके घालून तासभर निथळत ठेवतो. खाली वाटीभर पिवळे पाणी साचते आणि वर श्रीखंडाच्या चक्क्यासारखा घट्ट गर उरतो. १९ किलोच्या कुत्र्याला सुरुवात एक चहाचा चमचा, आठवड्याने दोन मोठे चमचे, तेही जेवणात कालवून. विरघळणारे तंतू सैल शीतले पाणी धरून ठेवतात आणि कोरड्या शीला ओलावा देतात, त्यामुळे दोन्ही तक्रारींवर एकच वस्तू सांगितली जाते त्यात विसंगती नाही. मात्र उत्साहाने वाटीभर दिलात तर शी पुन्हा सैलच होईल. आमच्या स्वयंपाकघरातून बाल्कनीपर्यंतच्या फरशीने ते एकदा सिद्ध केलेले आहे.

वजन कमी करायला मात्र भोपळा खरोखर कामाचा आहे, कारण १०० ग्रॅममध्ये २० ते २५ कॅलरीच असतात आणि थोडे खाद्य कमी करून त्याजागी तो घातला तर ताट भरलेले दिसते. मुख्य आहार सोडून वरचे जे काही देतो ते दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्श्याच्या आत ठेवावे, हे सूत्र इथेही पाळावे.

बियांबद्दल काकांचे म्हणणे जुने आहे आणि पुष्कळ ठिकाणी ऐकू येते, पण जंतांच्या गोळीला तो पर्याय नव्हे. बूड घासण्यामागे अनेकदा शेपटीखालच्या ग्रंथी तुंबलेल्या असतात, नाहीतर चपट्या जंतांचे तुकडे असतात. हे तुकडे तांदळाच्या किंवा काकडीच्या बीसारखे दिसतात आणि पिसवांमार्फत येतात. त्या जंताच्या इंग्रजी टोपणनावातच काकडी आहे, म्हणून काकडीच्या चुलतभावाची बी त्याच्यावर चालते असे नाही. शेपटीखाली एकदा नीट पाहा, पिसवांचा बंदोबस्त करा आणि वजनानुसार गोळी डॉक्टरांकडून घ्या.

घोडबंदर ०७:
एक भर घालतो. घरात भोपळ्याची भाजी उरली म्हणून ती देऊ नये. तिच्यात मीठ, मिरची असते आणि पुष्कळ घरांत कांदा-लसूणही असतो, ज्याने कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. घारगे आणि खीर यांतही गूळ, जायफळ आणि कधी मनुका असतात, आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. मांजराबाबत तर भोपळ्याचे कौतुक आणखी बेताने करावे. भोपळ्यातल्या पिवळ्या रंगद्रव्यापासून कुत्र्याचे शरीर अ जीवनसत्त्व तयार करते, मांजराला ते जमत नाही. त्याला ते मांसातूनच मिळावे लागते. टॉरिन या मांजराला लागणाऱ्या अमिनो आम्लाचेही तसेच. म्हणजे मांजरासाठी भोपळा हा केवळ ओलावा आणि थोडा चोथा आहे.

ऐरोलीची मावशी:
कोपरीकर दादा, लाडूचे काय झाले ते जरूर कळवा. जीव टांगणीला लागला आहे.

कोपरीकर (ठाणे पूर्व):
उशिराबद्दल क्षमस्व. मावशी, तुमचा निरोप वाचून ट्रे उपसला तेव्हा ओले दोन गोळे सापडले, तरीही तासाभरात रिक्षाने डॉक्टरांकडे गेलो. मूत्राशय मऊ होते. एक्स-रेमध्ये मोठ्या आतड्यात कडक शीच्या खड्यांची रांगच दिसली. डॉक्टरांनी एनिमा दिला, शी मऊ करणारे लॅक्टुलोजचे औषध लिहून दिले आणि कोरडे खाद्य कमी करून ओले वाढवायला सांगितले. पाण्याच्या वाट्या एकाऐवजी तीन ठिकाणी मांडल्या आहेत, त्यातली एक खाद्याच्या भांड्यापासून लांब, खिडकीशी. भोपळ्याला त्यांची हरकत नव्हती, ओल्या खाद्यात पाव चमचा. लाडूने वास घेतला, मागचे पाय झटकले आणि भांड्याभोवती फरशी उकरली, जणू ट्रेमधली घाणच झाकायची आहे.

खंडूच्या ग्रंथी तुंबलेल्या निघाल्या, त्या डॉक्टरांनी मोकळ्या केल्या. जंतांची गोळीही दिली. त्याला चक्क्यासारखा निथळलेला गर रोज एक मोठा चमचा देतो आहे आणि तीन दिवसांत शी एकसारखी झाली. आता कुकरची शिटी वाजली की तो ओट्यापाशी येऊन उभा राहतो. लाडूच्या वाटणीचा पाव चमचाही तोच संपवतो.