सरपणासाठी चेनसॉ: स्वस्त नवा की वापरलेला जुना?

ओंडका:
नमस्कार. आजवर सगळं सरपण हातकरवतीनं कापलं. यंदा वादळात तीन झाडं आडवी झाली, बुंधे जवळपास ३० सेंटिमीटर जाडीचे. पहिल्याच झाडाला उजवा खांदा धरला, म्हणून आता चेनसॉ घ्यायचं ठरवलंय. काम वर्षाकाठी आठ-दहा दिवसांचं. पैसे बेताचे आहेत आणि त्यात दोन मशीन बसतायत. एक कोरं करकरीत, कधी न ऐकलेल्या नावाचं, ५८ सीसी, २२ इंची बार (साखळी ज्याच्या कडेनं फिरते ते लांब पातं). दुसरं झाडं छाटणाऱ्या एकाकडचं, नामांकित कंपनीचं, ४० सीसी, १६ इंची बार, बरंच वापरलेलं. मन नव्याकडे ओढतंय. जुनं घ्यायचंच झालं तर त्यात काय बघायचं? मी आजवर चेनसॉ हातातही धरलेला नाही.

फांदीछाट:
तुमच्या बुंध्यांना १६ इंची बार भरपूर झाला. २२ इंची बार पुढे जड होतो आणि नवख्याला टोक कुठं टेकतंय याचं भान राहत नाही. सरपणाला ३५ ते ४५ सीसी पुरतं. अनोळखी मशीनचं साधं रबर किंवा स्टार्टरची स्प्रिंग उद्या मिळेल का, हे आधी विचारा. मिळणार नसेल तर पहिल्या बिघाडालाच ते अडगळीत जाईल.

कानस:
मी बरीच वर्षं ही मशीनं खोलतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझा स्वतःचा पहिला जुना चेनसॉ मी फक्त "एका झटक्यात चालू झाला" म्हणून घेतला होता. विकणाऱ्यानं तो आधीच तापवून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी थंड असताना दोरी ओढून ओढून हात गळून गेला, तरी चालू होईना. तेव्हा पहिली गोष्ट, जाण्याआधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत मशीन चालू करू नका. पोचल्यावर सिलिंडरला हात लावून थंड आहे ना ते बघा.

मग स्विच बंद ठेवून दोरी सावकाश ओढा. दाब चांगला असेल तर ठरावीक जागी हाताला अडल्यासारखं होतं. दोरी नुसती सुळकन बाहेर आली तर पिस्टनच्या रिंग झिजल्यात किंवा सिलिंडर गेलाय.

यानंतरची तपासणी मी कधीच चुकवत नाही. सायलेन्सरचे दोन-तीन स्क्रू काढा आणि आतल्या भोकातून बॅटरीच्या उजेडात पिस्टन बघा. बाजू गुळगुळीत हवी. बारीक आडव्या रेघा कारखान्यातल्याच असतात, त्यांची काळजी नको. उभे ओरखडे दिसले तर मशीन तिथंच ठेवा आणि घरी या. या मशीनांचं इंजिन टू-स्ट्रोक असतं, त्याला वेगळं इंजिन ऑइल नसतं, पेट्रोलात मिसळलेलं ऑइलच पिस्टनला वंगण देतं. कुणी एकदा जरी नुसतं पेट्रोल घालून चालवलं तरी पिस्टन असा खरवडला जातो. विकणारा स्क्रू काढू देत नसेल तर मी तरी ते मशीन घेणार नाही.

चालू केल्यावर बारचं टोक एखाद्या कोरड्या बुंध्याच्या कापावर वीतभर अंतरावर धरून रेस द्या. साखळीच्या तेलाची रेघ उमटली म्हणजे पंप ठीक. मग निम्म्या रेसवर पुढचा हँडगार्ड ढकला, तोच ब्रेक असतो, साखळी तत्क्षणी थांबली पाहिजे. ब्रेक नसलेला किंवा न लागणारा चेनसॉ फुकट मिळाला तरी नको.

बार, साखळी आणि स्प्रॉकेट (साखळी फिरवणारं दातेरी चाक) झिजलेले असले तरी घाबरू नका, ते बदलायचेच भाग आहेत. तेवढा खर्च किमतीतून कमी करून मागा. मात्र खाचा पडलेल्या स्प्रॉकेटवर नवी साखळी चढवू नका, ती लवकर खराब होते.

आणि मनापासून सांगतो, सीसीपेक्षा धार मोठी. धारदार साखळी स्वतःच लाकडात उतरते आणि खपल्या उडवते. पिठासारखा भुसा पडू लागला की थांबा आणि कानस मारा. लोक अशा वेळी मशीन दाबतात, बार तापतो, तेल जळतं, मग इंजिनला नावं ठेवतात. कानस साखळीच्या पिचवर, म्हणजे कड्यांमधल्या अंतरावर ठरते: तीन-आठांश इंची लो-प्रोफाइल (कमी उंचीच्या) साखळीला ४ मिमीची गोल कानस लागते, ०.३२५ इंच पिचला ४.८ मिमीची. प्रत्येक दाताला सारखेच हात मारायचे, नाहीतर काप एका बाजूला वळतो.

बॅटरीवर:
काम घराच्या आसपास असेल तर बॅटरीच्या चेनसॉचाही विचार करा. मिश्रणाची, कार्ब्युरेटरची कटकट नाही. पण तीन झाडं सलग कापायची तर दोन बॅटऱ्या लागतील, आणि त्यातच बजेट संपतं.

ओंडका:
कानस, तुम्ही सांगितलं तसंच केलं. त्यांनी स्वतः सायलेन्सर खोलून दिला. पिस्टन स्वच्छ, ब्रेक चोख, तेलाची रेघही उमटली. बार मात्र एका कडेनं झिजलाय, त्याचे पैसे कमी केले. मशीन घरी आणलंय. एक शंका आहे, रेस न देताही साखळी हळूहळू फिरते. चालेल का?

कानस:
चालणार नाही, आधी तेच नीट करा. आयडलचा स्क्रू, म्हणजे रेस न देता इंजिन किती वेगानं चालावं ते ठरवणारा, थोडा थोडा डावीकडे फिरवा, साखळी थांबली पाहिजे आणि इंजिनही बंद पडता कामा नये. तरीही फिरत राहिली तर क्लचची स्प्रिंग सैल झालीय, ती बदला. वाचलेल्या पैशांतून संरक्षक पँट, बूट, कानावरचे मफ आणि जाळीचं हेल्मेट घ्या. त्या पँटच्या आतले धागे साखळीत गुंतून ती जागीच अडवतात. पहिले काही दिवस फक्त जमिनीवर पडलेले, नीट टेकवलेले ओंडके कापा. बारच्या टोकाचा वरचा भाग कशालाही लागू देऊ नका, तिथूनच मशीन उसळून तोंडाकडे येतं. मिश्रण पुस्तिकेत ५०:१ सांगितलं असेल तर ५ लिटर पेट्रोलला १०० मिली ऑइल, आणि महिन्यात संपेल एवढंच बनवा.

ओंडका:
स्क्रू पाऊण फेरा फिरवला, साखळी थांबली, इंजिन संथ चालू आहे. उद्या नवा बार बसवतो. पँट येईपर्यंत लाकडाला हात लावत नाही.