मदत हवी: गणिताने टाकी सव्वातीन मिनिटांत भरते, प्रत्यक्षात लागतात चौदा

आमचं घर गुहागरजवळ. विहीर आगराच्या टोकाला, काठावर १ एचपीची मोनोब्लॉक मोटर (पंप आणि मोटर एकाच सांगाड्यात). पाणी ६ मीटर खाली, स्लॅबवरची टाकी ९ मीटर वर. लेक अकरावीला आहे, तिने वही काढली: १००० लिटर म्हणजे १००० किलो, गुणिले ९.८, गुणिले १५, झाले १,४७,००० ज्यूल. भागिले ७४६ वॉट (म्हणजे १ एचपी), १९७ सेकंद. घड्याळ लावलं तर १४ मिनिटं! म्हणजे कामी येतात जेमतेम १७५ वॉट. बाकीचे कुठे जातात? पाइप एक इंची, साधारण ५० मीटर.

दुसरं, दिवेलागणीला व्होल्टेज १८०वर येतं आणि मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. घरापासून विहिरीपर्यंत ६० मीटर, दीड चौरस मिमीची तांब्याची वायर. जाऊन-येऊन १२० मीटरचा रोध लेकीने १.४ ओहम काढला. ६ अँपियरला ८ व्होल्ट पडतात, तेवढ्याने मोटर अडेल का? वायरमनच्या सांगण्यावरून कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला मदत करणारा भाग) बदलला, फरक शून्य.

प्रतिसाद १
दादा, लेकीचं गणित बरोबर आहे, फक्त त्यात पाइप नाही. मिनिटाला ७० लिटर पाणी एक इंचीतून ढकलायचं तर ५० मीटरात घर्षणालाच ११-१२ मीटर उंचीएवढा जोर जातो. म्हणजे पंप १५ नाही, २६-२७ मीटर चढवतोय. उरलेलं पंपाच्या आत जातं, लहान पंपाची कार्यक्षमता बेताचीच असते. सव्वा इंची पाइप टाकलात तर तेवढ्याच पाण्याला घर्षण तिसऱ्या हिश्श्यावर येईल.

प्रतिसाद २
विजेचं मी सांगतो. ६ अँपियर हा फिरत्या मोटरचा करंट. सुरू होताना ती पाच-सहा पट ओढते. १८० व्होल्टवर तो करंटही कमी होतो, धरा २३ अँपियर, गुणिले १.४, तारेतच ३२ व्होल्ट गेले. मोटरला दीडशेही पोचत नाहीत, आणि फिरवायचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. २३०ला असतो त्याच्या चाळीस टक्के राहिला. कपॅसिटर बिचारा काय करणार? चार चौरस मिमीची वायर टाका, रोध अर्ध्या ओहमवर येईल. आणि गुणगुणती मोटर तशीच चालू ठेवू नका, वाइंडिंग (आतल्या तारेची गुंडाळी) जळतं.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. पण चार चौरस मिमीची तांब्याची ६० मीटर म्हणजे खिशाला चाट. तीच जाडी अॅल्युमिनियमची चालेल?

प्रतिसाद २
अॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणून सहाची घ्या. पण जोड नीट करून घ्या, खाऱ्या हवेत ते लवकर खराब होतात.